एक लाख नसून एक पेटी

तो दुकानात शिरला तेव्हा मी आधीच भडकलेली होते. त्यामुळे पावसाने भिजलेले केस त्याच्या कपाळावर आलेत आणि ते त्याला बरे दिसतायत, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

ही गोष्ट नव्याण्णव सालच्या पावसाळ्यातली. शाहूपुरीत गौसचाचांचं कॅसेटचं दुकान होतं. पावसात ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम बंद, म्हणून मी तिथे जाऊन बसायची. चाचा दुपारच्या नमाजाला गेले की काउंटर माझा. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि हा माणूस गळकी छत्री दारात ठेवून, शर्टाच्या टोकाला चष्मा पुसत माझ्याकडे बघून हसला.

“मॅडम, ‘ऐक की!’ आहे का? प्रीती शिंगेची कॅसेट?”

“संपली.”

“एकपण नाही?”

“एक लाख खपल्या म्हणं. तुमच्यासाठी कुठनं उरणार, पावणं?”

टोमणा त्याला कळलाच नाही. उलट चेहरा उजळला. “वाचलीत ती बातमी? मीच दिली होती! ‘करवीरध्वनी’तलं ‘सूर दहा’ हे सदर मी लिहितो. मी सुमेध...”

आडनाव मी ऐकलंच नाही. ज्या माणसाला मी उठता-बसता शेलक्या शब्दांत आठवत होते, तो समोर उभा होता... आणि चष्मा काढल्यावर त्याचे डोळे... जाऊ दे. आधी त्याने काय करून ठेवलं होतं ते सांगते, म्हणजे माझा राग किती रास्त होता ते कळेल.

‘ऐक की!’ ही माझी पहिली कॅसेट. वडील एसटीच्या वर्कशॉपात, पण भीमजयंती जवळ आली की मंगळवार पेठेतल्या गाण्यांच्या पार्टीचे तेच म्होरके. त्यांच्यामागे कोरस धरता धरता मी गायला शिकले. पुढे ऑर्केस्ट्रात गेले, आणि तिथून मुंबईच्या एका कंपनीने माझी पॉप गाण्यांची कॅसेट काढली. ती विकायला आली त्याच दिवशी चाचांना ‘करवीरध्वनी’तून फोन आला. पेपरवाले दर आठवड्याला असा फोन फिरवायचे, कुठली कॅसेट चालतेय ते विचारायचे, आणि त्यावरून पहिला नंबर, दुसरा नंबर ठरवून मोकळे व्हायचे. शुक्रवारी पेपर उघडला तर पहिल्या पानावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत मथळा: ‘कोल्हापूरच्या कन्येचा विक्रम! एका दिवसात लाख कॅसेटची विक्री!’

कोल्हापुरात एवढे टेपरेकॉर्डर तरी आहेत का, हा प्रश्न एकाही शहाण्याला पडला नाही. सांगलीच्या पेपराने बातमी उचलली आणि सव्वा लाख केले. मुंबईच्या साप्ताहिकाने दीड. केबलवाल्याने तर ‘मराठी पॉपचा आजवरचा उच्चांक’ अशी पट्टी फिरवली. ‘हे यश रसिकांचं आहे,’ असं मी भारावून म्हणाल्याचंही छापून आलं. मी! मला कुणी विचारायला आलं असतं तर भारावले असते ना!

आईने गल्लीत पेढे वाटले. आणि पेढे तोंडात विरघळायच्या आत कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. “आम्ही तुमच्या गावात मोजून पाच बॉक्स पाठवले. लाख कॅसेट आल्या कुठून? तुम्ही आणि तो दुकानदार डुप्लिकेट काढताय!” दसऱ्यानंतर माझ्या दुसऱ्या कॅसेटचं रेकॉर्डिंग ठरलं होतं. चाली बसल्या होत्या, वडिलांनी रजाही टाकली होती. ते थांबलं. मी परोपरीने सांगितलं, की ती बातमी खोटी आहे. “छापून आलंय ना? मग छापूनच खोडा. तोवर स्टुडिओची पायरी चढायची नाही.”

तर असा हा इसम. कॅसेट मागत होता.

“प्रीती शिंगे मीच हाय,” मी म्हणाले.

त्याने घाईने चष्मा चढवला. “फोटोत तुम्ही... फार शांत दिसता.”

“फोटो काढताना हातात तुमचा पेपर नव्हता. लाख कुणी सांगितलं तुम्हांला?”

“याच दुकानातून! गौसभाई स्वतः फोनवर म्हणाले, ‘सकाळपासनं आख्खी पेटी गेली की!’”

“मग?”

“मग... पेटी. म्हणजे लाख.”

“पेटी म्हणजे लाख?”

“आमच्या मुंबईत तसंच म्हणतात हो,” तो चाचरला. “मी चेंबूरचा. दोनच महिने झालेत इथे येऊन. तिकडे पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी...”

मी काउंटरखालचं पुठ्ठ्याचं खोकं ओढलं आणि त्याच्यापुढे आपटलं. “ही पेटी! शंभर कॅसेटी मावत्यात हिच्यात. आमच्यात पेटी एक तर मालाची, न्हायतर भजनातली. नशीब माझं, चाचा खोकं म्हणाले न्हाईत!”

त्याने तोंडावर हात ठेवला. आधी वाटलं, लाजला. मग कळलं, हसतोय. मलाही फुटणार होतं, पण मी ओठ घट्ट मिटून घेतले. असल्या वेळी हसलं की भांडण संपतं, आणि मला ते संपवायचं नव्हतं.

“हसू नका! आणि ते ‘यश रसिकांचं’ असं मी कवा बोललो?”

“बोललो...?”

“व्हय, बोललो. इथं पोरी असंच बोलत्यात. आता तेबी छापणार काय?”

“नाही... ऐकायला छान वाटतं,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लालेलाल झाले. मी उगीचच कॅसेटींची चळत नीट करायला घेतली. ती नीटच होती.

“खुलासा छापतो,” जाताना तो म्हणाला. “शब्द देतो.”

खुलासा आला. आतल्या पानावर, अगदी बुडाला, हरवलेल्या म्हशीच्या आणि शिलाई मशीनच्या जाहिरातीच्या मधे, पोस्टाच्या तिकिटाएवढा. ‘सदर कॅसेटच्या विक्रीचा आकडा एक लाख नसून एक पेटी असा वाचावा.’

मी एसटीडी बूथवरून तो मुंबईला फॅक्स केला आणि तिथेच थांबले. मॅनेजरचा फोन आला तेव्हा तो ओरडतच होता. “एक लाख नसून एक पेटी? म्हणजे एक लाख नसून एक लाख? थट्टा करता आमची?” मी समजावून सांगेपर्यंत त्याने फोन आपटला.

तशीच भर पावसात ‘करवीरध्वनी’च्या कचेरीत गेले. सुमेध टेबलाशी होता. मला बघून उभाच राहिला. मी काही बोलायच्या आतच म्हणाला, “मी शंभर लिहिलं होतं. साहेबांनी खोडून पेटी केलं.”

“का?”

उत्तर आतल्या खोलीतून आलं. संपादक बाळासो दारात उभे होते. “अगं पोरी, शंभर छापलं तर पेपरची अब्रू काय ऱ्हातीया? पेटी म्हटलं की खरंबी झालं, आणि वाचायलाबी भरगच्च. बस की. च्या घे.”

“मला च्या नको. मला शंभर पाहिजे.”

“विक्रम कुणी माघारी घेतंय व्हय? रविवारी तुझा सत्कार ठेवलाय. पुरवणी काढालोय, जाहिराती आल्यात...”

मग मात्र मी आवाज चढवला. अख्खी कचेरी टाइप करायची थांबली. “तुमच्या जाहिराती येत्यात, आणि माझं रेकॉर्डिंग जातंय! चाचांवर चोरीचा आळ आलाय, ठावं हाय? आणि शंभर म्हंजे काय कमी वाटलं तुम्हांला? शंभर माणसं आली दुकानात. माझं नाव आधी ऐकलं न्हवतं त्यांनी. गाणं ऐकलं आणि कॅसेट घेऊन गेली. खरी माणसं होती ती! मी रात्रभर आनंदानं झोपलो न्हाय. त्या खऱ्या शंभरांस्नी तुम्ही खोट्या लाखात बुडवलं!”

बोलता बोलता माझा आवाज फुटला, त्याचा मला आणखी राग आला. बाळासो छताकडे बघत होते. मी सुमेधकडे वळले. “आणि तुम्ही? तुम्ही का गप?”

उत्तराची वाटही न बघता मी जिना उतरून आले. त्या माणसाबद्दल माझ्या मनात काही हळवंबिळवं उगवत असेल, तर ते त्या जिन्यावरच खुडून टाकलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. सत्काराला अर्थातच गेले नाही.

पुढच्या शुक्रवारी चाचा पेपर नाचवत आले. “प्रीती बेटा, हे बघ! पोरानं काय केलंय बघ!”

‘सूर दहा’मध्ये त्या आठवड्यात एकाही कॅसेटचा नंबर नव्हता. वर मथळा होता, ‘विक्रम नव्हे, माझी चूक’. खाली त्याचं नाव, आणि सगळी हकिगत. मुंबईची पेटी कोणती, कोल्हापूरची कोणती. आपण उलट विचारलं नाही, सांगलीने आपल्याला विचारलं नाही, मुंबईने सांगलीला विचारलं नाही. गायिकेच्या तोंडचं वाक्यही आपणच रचलं. आणि शेवटी, ‘एका दुकानातून एका दिवसात शंभर कॅसेट गेल्या. नव्या गायिकेच्या पहिल्या कॅसेटसाठी हा आकडा मोठा आहे. तो लपवायची आम्हांला लाज वाटायला हवी होती.’

हे छापलं कसं गेलं? गाण्याचं सदर म्हणून संपादक ते कधी वाचायचेच नाहीत, सरळ छापायला जायचं. त्याने तेवढाच फायदा उठवला.

ते सदर मी लगेच मुंबईला फॅक्स केलं, आणि कंपनीचा फोन आला. माफी नाही, काही नाही, नुसतं, “ठरल्याप्रमाणे या रेकॉर्डिंगला.” मी आनंदाने चाचांचे दोन्ही हात धरून दुकानात गरगर फिरले. सांगलीच्या पेपराने मात्र खुलासा उचलला नाही. मुंबईनेही नाही. पट्टीवाल्याने पट्टी फिरवली नाही. खोटं सगळ्यांनी एकमेकांचं वाचून छापलं होतं. खरं छापायच्या वेळी कुणी कुणाचा पेपर वाचेना.

सुमेधचं सदर गेलं. त्याला मार्केट यार्डात कांद्या-बटाट्याचे भाव आणायला बसवलं. यार्डातून कचेरीत जाताना शाहूपुरी वाटेत लागत नाही, तरी तो रोज दुकानावरून जायला लागला.

“कपड्यांना कांद्याचा वास यालाय,” मी म्हणायची.

“लांब उभा राहू?”

“मी म्हणालो काय तसं?”

चाचांना त्या दिवसांत एकाएकी फार लांबलांबची कामं निघायला लागली. सुमेध काउंटरला टेकून माझ्या नव्या गाण्यांच्या चाली ऐकायचा, डोळे मिटून. गाणं संपलं तरी उघडायचा नाही... आणि मी त्याला सांगायची नाही, संपलंय म्हणून.

आणि मग शहरातल्या दुसऱ्या एका पेपराने बार उडवला: ‘गायिकेच्या प्रेमापोटी वार्ताहराने बुडवला कोल्हापूरचा विक्रम!’

मी वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. प्रेमात पडलेला माणूस आकडा वाढवेल की कमी करेल? एवढं तरी डोकं चालवायचं! आणि हे मुंबईत कुणी वाचलं तर? शंभरच्या आकड्यावर पुन्हा संशय, पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी यार्डात गेले, कांद्याच्या पोत्यांमधून सुमेधला शोधून काढलं, आणि त्याला घेऊन सरळ त्या पेपरच्या कचेरीत धडकले.

तिथे जोतीराम नावाचा उपसंपादक भेळ खात बसला होता. त्याने शांतपणे कागद पुढे ओढला. “खुलासा पाहिजे न्हवं? काय खोटं हाय त्येवढं सांगा, छापतो.”

“शंभरचा आकडा खरा हाय,” मी म्हणाले. “तो कुणाच्या प्रेमापोटी लिहिलेला न्हाय.”

“बरं. आणि प्रेमाचं?”

सुमेधने घसा साफ केला. माझ्याकडे न बघता म्हणाला, “ते... खरं आहे. पहिल्या दिवसापासून. पण त्यामुळे आकडा बदलला नाही. मी तिच्या प्रेमात नसतो, तरी शंभरच लिहिले असते.”

इतके दिवस मी वाट बघत होते ते वाक्य याने कुणाला सांगितलं, तर भेळ खाणाऱ्या माणसाला! आणि तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण नाही.

“मात्र प्रीतीताईंचा यात काही संबंध नाही, हे ठळक छापा,” तो म्हणाला. “जे आहे ते माझं एकट्याचं.”

“ताई?” मी किंचाळलेच. “आणि संबंध न्हाय असं कोण म्हणालं? मला विचारलं? पुन्हा तेच! मला न विचारता माझं नाव घालायचं, मला न विचारता काढायचं! एकट्याचं हाय म्हणं... डोळे मिटून बसल्यावर दुसऱ्याचं काय दिसणार तुम्हांला?” मी जोतीरामकडे वळले. “ओ, लिहा. आकडा शंभरच. आणि प्रेम एकट्याचं न्हाय, दोघांचं हाय. मी सांगालोय. मला विचारून लिहा!”

जोतीरामची भेळ हातातच राहिली. सुमेध पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघायला लागला. त्याचे डोळे भरले होते, आणि तो वेड्यासारखा हसत होता. मग त्याने जोतीरामपुढचा कागद स्वतःकडे ओढला, दोन ओळी लिहिल्या, आणि जोतीरामला न देता आधी माझ्यासमोर धरला.

“वाचून बघा,” तो म्हणाला. “काही चुकलंय का?”

छापायच्या आधी मला वाचायला मिळालेली ती पहिली बातमी. मी ती सावकाश, शब्द न् शब्द वाचली.

“बरोबर हाय,” मी म्हणाले.