हे पोस्टसाठी नाही

त्या दिवशी दीप्तीची ओढणी यंत्रात अडकली नसती, तर पुढचं काही घडलंच नसतं. संत्र्यांचा मोसम होता. कळमन्याच्या बाजारात सकाळपासून गाड्यांची ही गर्दी, आणि आपली दीप्ती रुपरावकाकांच्या आडतीचे फोटो काढत उलट्या पावलांनी मागे सरकत होती. तिचं कामच ते. नागपुरातल्या लहानमोठ्या धंदेवाल्यांची लिंक्डइनवरची पानं ती सांभाळायची. त्यांच्या नावाने लिहायची, फोटो टाकायची, आणि बाहेरगावची गिऱ्हाइकं त्यांच्या दारापर्यंत आणून सोडायची.

ओढणीचं टोक संत्री निवडायच्या यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर गेलं तसं कुणीतरी खटकन बटण बंद केलं.

"सांभाळून, मॅडम. ही मशीन साइज पाहून माल वेगळा करते. तुम्ही कोणत्या खोक्यात जाल, मलेही सांगता नाही येत."

दीप्तीला राग यायला हवा होता. हसू आलं. ओढणी सोडवून देताना त्याने आधी हात पँटला पुसले, तरी काळा डाग पडायचा तो पडलाच. प्रशिक त्याचं नाव. खापरखेड्याच्या कॉलनीत वाढलेला, डिप्लोमा करून आता बाजाराजवळ स्वतःचं वर्कशॉप काढलेला. ही यंत्रं तो स्वतः बनवायचा. तिने कार्ड मागितलं, तर कार्डच नव्हतं. ज्याले माहीत आहे त्याले माहीत आहे, म्हणाला. मग ज्याला माहीत नाही त्याने काय करायचं, हे तिने विचारलं, आणि त्या एका प्रश्नापायी तो तिचं गिऱ्हाईक झाला.

आता प्रशिकला लिहायचा भारी कंटाळा. म्हणून असं ठरलं, की दर रविवारी त्याने व्हॉइस मेसेज पाठवायचा, कामातलं जे सुचेल ते बोलायचं, आणि दीप्तीने त्याची पोस्ट करायची. पोस्ट वाचून तो दरवेळी फोन करायचा. हा प्रशिक कोण आहे एवढा हुशार, मलेही त्याले भेटाचं आहे, असं गंभीरपणे विचारायचा. कधी यंत्राने बाद केलेल्या संत्र्यांची पिशवी घेऊन दारात उभा राहायचा... साइजमध्ये बसत नाहीत, पण गोड आहेत म्हणून. दीप्ती म्हणायची, हे माझ्याबद्दल बोलताय की संत्र्यांबद्दल? तो कान लाल करून पिशवी ठेवायचा आणि चहा न घेताच निघायचा. मग ती खिडकीतून त्याची गाडी वळेपर्यंत बघत राहायची. इतकं स्वच्छ दिसत असताना पोरीला कळत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. कळत होतं. पण गिऱ्हाईक आहे, घाई कशाला, असं ती स्वतःला बजावायची.

एक खोड मात्र तिला नडली. दहाजणांचे व्हॉइस, प्रत्येकाचं पाल्हाळ. म्हणून ती सगळ्यांचं दुप्पट वेगाने ऐकायची, आणि पोस्टपुरतं मिळालं की बंद करून टाकायची. अशाच एका रविवारी प्रशिकने नेहमीपेक्षा लांब मेसेज पाठवला. मशीन बिघडली की शेतकरी फोन करते, आधी नुसत्या शिव्या देते, असं सांगत होता. पण फोन मधात ठेवाचा नाही. खरं काय बिघडलं ते माणूस शेवटी शेवटीच सांगते. दीप्तीने मेसेज तिथेच बंद केला. वा, हेच तर हवं होतं. ‘गिऱ्हाइकाचं शेवटपर्यंत ऐका’, मथळासुद्धा तयार. तिने पोस्ट टाकली आणि त्याच्या मेसेजखाली घाईने लिहिलं, ‘मस्त. काम झालं. पुढच्या वेळी एवढं लांब बोलला नाहीत तरी चालेल.’

पोस्ट अशी चालली की विचारू नका. नाशिकच्या एका मोठ्या फळ कंपनीने वाचून फोन केला, यंत्रं मागवली, आणि पुढे तिकडेच कारखाना काढायचं बोलणं सुरू झालं. प्रशिक मात्र बदलला. मेसेज छोटे झाले, नेमके, कोरडे. संत्र्यांची पिशवी यायची थांबली. मोठा माणूस झाला आता, असं म्हणून दीप्ती रुसली, आणि रुसून गप्प बसली. काय झालं म्हणून एकदा विचारायला काय जात होतं हिचं?

पुढचा मोसम आला तेव्हा नाशिकवाल्यांना त्याच पोस्टचा व्हिडिओ हवा होता, प्रशिकच्याच शब्दांत. दीप्ती सकाळी कणीक मळत होती. जुना मेसेज लावला आणि हात पिठात, त्यामुळे वेग वाढवायचा राहिला. तो आपल्या चालीने बोलत गेला. शिव्या झाल्या, ‘शेवटी शेवटीच सांगते’ झालं. मग नुसता पंख्याचा आवाज. आणि मग—

"दीप्ती, आता हे पोस्टसाठी नाही. तुमच्याशी बोलाले मले काही ना काही कारण लागते, म्हणून मी लांबवून राहिलो. तुम्ही मले आवडता. नाही म्हटलं तरी चालते. फक्त याच्या खाली कामाचं काही लिहू नका... तेवढं नाही सोसणार मले."

दीप्तीने पिठाच्याच हाताने फोन उचलला. खाली तिचंच उत्तर होतं. मस्त. काम झालं.

ती तशीच वर्कशॉपवर गेली. नाशिकला न्यायचे यंत्रांचे भाग खोक्यांत भरणं चाललं होतं. दाराशी तिला बघून प्रशिक उठला, आणि सवयीने त्याने हात पँटला पुसले. तिने तो मेसेज तेव्हा अर्ध्यावर बंद केल्याचं सांगितलं. उरलेलं आज ऐकल्याचं सांगितलं. तो हातातला पाना फिरवत राहिला.

"मले वाटलं तुम्ही ऐकलं. आन् हेच उत्तर आहे."

"नव्हतं ते उत्तर. मलाही तुम्ही आवडत होतात, प्रशिक. अजूनही—"

"नका बोलू पुढचं," तो हळू म्हणाला. "पारशिवनीची काजल आहे. लग्न ठरलं माझं. तिले मी तुमच्याबद्दल सांगितलं, तरी ती हो म्हणाली." मग खाली बघत म्हणाला, "मशीन असती तर दुसऱ्यांदा चालवून पाहिली असती मी. तुम्हाले एकदा विचारलं नाही... चूक माझीही आहे."

काजल चांगली असेल, असं दीप्ती म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली. निघताना त्याने कोपऱ्यातली पिशवी उचलून तिच्या हातात दिली. साइजमध्ये न बसणारी संत्री. तिने पिशवी दोन्ही हातांनी घेतली. रस्त्यावर येऊन मात्र रडली, पिशवी छातीशी धरून, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता.

प्रशिक नाशिकला गेला. दीप्ती अजूनही तेच काम करते. रविवारी रुपरावकाकांचा मेसेज येतो. आधी संत्र्यांचा भाव, मग गुडघेदुखी, मग सुनेची तक्रार. बोलणं संपलं तरी काका रेकॉर्डिंग बंद करायला विसरतात. मागे गाड्यांचे हॉर्न, कुणीतरी चहा मागतो, काका खोकतात. दीप्तीला पोस्टपुरतं केव्हाच मिळालेलं असतं. तरी ती फोन खाली ठेवत नाही, आवाज आपोआप थांबेपर्यंत ऐकत बसते.