येण्याचा कौल

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात आम्ही मांडवीला, माझ्या भावाकडे सुट्टीला आलो होतो. सुट्टीचा शेवटचा दिवस उरला होता; दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या एसटीनं मुंबईला निघायचं होतं. रजा संपली होती, आणि आणखी एक खाडा झाला तर कामावर येऊ नकोस, असं साहेबानं तोंडावर सांगितलं होतं. अशा वेळी चिमा, माझी बायको, म्हणाली, देवरुखापलीकडे जाऊन आयेला तेवढं बघून येऊ. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या.

मी हिशेब केला. देवरुखपर्यंत एसटी, पुढे जांभ्याचा सडा, तो तांबडा कातळमाळ, तुडवत चालणं. जायला तीन तास, यायला तीन. मध्ये दोनेक तास मिळत होते. मला गाडी चुकण्याची भारी धास्ती, पण चिमाचं तोंड बघवेना.

वहिनीच्या आग्रहाखातर देवळात कौल लावला. भिकाजी गुरवानं देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि जाऊ का म्हणून विचारलं. उजवी पडली. उजवी म्हणजे हो. तो पुन्हा पाकळ्या भिजवू लागला.

"आता येन्याचा इचारतो," तो म्हणाला. "दोनी इचारायचे आसतात."

परतीची एसटी ठरलेली आहे, त्यात देवाला काय विचारायचं, असं म्हणून मी चिमाला घेऊन निघालो.

माहेरी पोचल्यावर चिमा आईच्या उशाशी बसली. सासूबाईंनी तिचा हात धरला तो सोडलाच नाही. ऱ्हा गो, एवढंच म्हणत होत्या. निघायची वेळ झाली तसा मी उठलो. चिमा हलेना. जरा चिडूनच हाक मारली, तेव्हा आली. दारातून वळून पाहिलं, तर सासूबाई अजून बोलत होत्या, उशाजवळच्या रिकाम्या जागेशी. त्यांची मूठ कुणाचा हात धरल्यासारखी वळलेली होती. तापाची ग्लानी असेल, असं मी मनाशी म्हटलं.

परतताना चिमा दोन पावलं मागून चालत होती. मला वाईट वाटलं, पण परतीची एसटी वेळेवर मिळाली याचं बरंही वाटलं. मांडवीला पाय धुताना पाहिलं, माझे पाय घोट्यापर्यंत तांबड्या धुळीनं माखले होते. तिचे स्वच्छ होते. वहिनीनं दोघांना वाढलं. चिमा नीट जेवली.

सकाळी भाऊ रिक्षा आणायला गेला आणि वहिनी बाजारात. मी घरापुढच्या खळ्यात वळकटी बांधत होतो. तेवढ्यात चिमाचा भाऊ काशीराम आला. तो माहेरच्या घरीच राहायचा, पण काल भेटला नव्हता. पहिल्या एसटीनं आलेला, बसलाही नाही.

"चिमीनं पातळं मागितलीत," तो म्हणाला. "नेसत्या पातळानिशी ऱ्हायली ना ती. रातभर आयेचा हात धरून बसलीवती. आये आज उठून पेज प्यायली."

आत ट्रंकेची कडी वाजली.

मी पुन्हा हिशेब केला. जायला तीन तास, यायला तीन. दहाची गाडी.

हिशेब बसेना. मला त्याचं फारसं काही वाटलंही नाही.

आत चिमा ट्रंक भरत होती. दोन पातळं हवीत, म्हटलं. कुणाला, असं तिनं विचारलं नाही. वरची दोन काढून दिली.

"त्यांवरचे झंपर राहिले," म्हणाली, आणि तेही दिले.

काशीरामनं गाठोडं काखेत मारलं.

"मंग चिमीला कवा पोचवू मुंबैला?"

"घाई नाही," मी म्हणालो.