फिरकीचा तांब्या

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, सकाळी शालन शुक्रवार पेठेतल्या चर्चपाशी पोचली, तेव्हा ट्रक सुटायच्या बेतात होता. हौद्यात दाटीवाटीने बसलेली क्वायरची, म्हणजे चर्चमध्ये गाणारी माणसं, मधोमध गोधडीत गुंडाळलेली बाजाची पेटी, आणि मागच्या फळीशी एकटाच बसलेला एक उंच, काळासावळा तरुण. त्याने वाकून हात पुढे केला.

"द्या हात. का ट्रकच खाली घिऊ?"

शालनने हात दिला. सकाळचे सहा वाजले होते, तरी तो हात तापल्यासारखा लागला तिला.

"नवीन दिसताय. कंचा आवाज?"

"आल्टो. खालच्या सुरातल्या एकीला ताप आलाय म्हणून मास्तरांनी काल मला बोलावलं. आणि तुमचा?"

"टेनर. वरच्या पट्टीत, मास्तर म्हणत्यात, गिरणीच्या भोंग्याखालोखाल माझाच."

ती हसली. किती दिवसांनी ती अशी अनोळखी माणसासमोर मोकळी हसली असेल...

"आणि भोंग्याचं नाव?"

"जालिंदर रणखांबे. मुक्काम भवानी पेठ."

शालनच्या ओठांवरचं हसू तिथेच राहिलं. हे नाव तिने वाचलं होतं.

ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर लोकांच्या थुंकीचे नमुने काचेवर पसरायचे, रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. शुक्रवारी एका काचेवर निळ्या जमिनीवर क्षयाच्या लाल काड्या दिसल्या होत्या. एक-दोन नव्हे, मूठभर रांगोळी सांडावी तशा. चिठ्ठीवर नाव होतं – जालिंदर रणखांबे, वय सत्तावीस, गिरणी कामगार, भवानी पेठ. शनिवारी अहवाल न्यायला तो आलाच नव्हता. तिने तेव्हा त्या नावाला चेहरा दिला नव्हता. आता चेहरा समोर होता, हसरा, आणि त्याला ठाऊक नसावं बहुतेक.

सांगायचं डॉक्टरांनी असतं. तिने सांगायचं नसतं. पण आज हा माणूस तीन गावांच्या तीन चर्चमध्ये, बायाबापड्यांत, पोराबाळांत उभा राहून गाणार होता.

*मी कोण सांगणारी?* ती स्वतःला विचारत राहिली आणि ट्रक धुरळा उडवत निघाला.

सन त्र्याहत्तरचा एप्रिल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचे ढीग आणि त्यांच्यामागे करपलेली रानं. पहिल्या गावचं चर्च काळ्या दगडाचं होतं. मागच्या शतकातल्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून ते बांधलं, असं क्वायर चालवणाऱ्या यशवंत मास्तरांनी सांगितलं. आज त्याच्या भिंतीच्या सावलीत नव्या दुष्काळातली माणसं बसली होती. झावळ्या कुठून आणणार? पोरांच्या हातात निंबाच्या काटक्या होत्या, पानं शेळ्यांनी आधीच खाल्लेली.

शेवटचं गीत मास्तरांनीच रचलेलं. त्यात 'शांती' हा शब्द खूप लांबवायचा होता. मास्तरांनी ट्रकमध्ये तिला बजावलं होतं, "शेजारी श्वास घेईल तेव्हा आपण घ्यायचा नाही. आळीपाळीने, चोरून घ्यायचा. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, एकाच छातीतून निघतंय."

शालन गात होती आणि जालिंदरकडे बघत होती. तो पुरुषांच्या रांगेत अगदी टोकाला, उघड्या दाराशी उभा होता. त्याचा आवाज गोड होता, खरंच गोड; पण एका 'शांती'त त्याने चार वेळा श्वास चोरला.

बाहेर आल्यावर तो तिच्यापासून चार हातांवर येऊन थांबला.

"सारखं माझ्याकडं बघत हुता. ताल द्यायला मास्तर काडी हलवत्यात, ती बघायची ऱ्हायली."

"मोजत होते."

"काय?"

"तुमचे श्वास. चार."

"आयला! लोक डोळं बघत्यात, केस बघत्यात... हितं श्वास मोजायला लागली बाई." तो हसला, हसताहसता खोकला आला, आणि तो झटकन भिंतीआड गेला. परतला तेव्हा रुमाल खिशात कोंबत होता. "गिरणीचा कापूस. छातीत बसतोय."

त्याच्या खांद्याच्या पिशवीत पाण्याने भरलेला, फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या होता. ऊन चढलं होतं. विहिरीच्या तळाशी नुसता चिखल, टँकर आलाच नव्हता. शालनचा घसा कोरडा पडला होता, आणि खोडी काढताकाढता, याला दुखण्याचा संशय आहे का तेही बघावंसं वाटलं.

"एक घोट द्या की मग. श्वास मोजून दमले."

जालिंदरचा चेहरा उतरला. "न्हाय."

"एकच."

"न्हाय म्हनलं ना!" त्याने पिशवी पाठीमागे घेतली.

म्हाताऱ्या नागव्वामावशी, क्वायरमधल्या सगळ्यांत थोरल्या, मोठ्याने म्हणाल्या, "बघा ग बायानू! असल्या उन्हात पोरीला पाण्याचा घोट देईना. ह्याला पोरगी कोण देईल रे?"

सगळे हसले. जालिंदर मान खाली घालून ट्रककडे गेला आणि पुन्हा मागच्या फळीशी, एकटा, वाऱ्याच्या तोंडी बसला.

शालन मात्र हसली नाही. दाराजवळचं ते टोक. चार हातांचं ते अंतर. मागची फळी. तांब्या. एकेक गोष्ट मनात जागच्या जागी बसत गेली: त्याला संशय होता, आणि तो सगळ्यांना आपल्यापासून जपत होता. दुसऱ्या गावी तिला धड गाता येईना.

दुसऱ्या गावाहून निघण्याआधी बाभळीखाली ती त्याच्यापाशी गेली.

"शनिवारी अहवाल न्यायला का नाही आलात?"

तो बघतच राहिला. "तुमी..."

"काच मी बघितली. मला सांगायची परवानगी नाही. तरी... ते आहे."

त्याने चपलेने माती उकरली.

"वाटलंच हुतं. माझा थोरला भाऊ ह्यानंच गेला," तो म्हणाला. "फुडचं गाव माझं. दोन वरसं झाली, आईनं माझं गानं ऐकलं न्हाय. म्हनलं, चिठ्ठी हातात पडली की तोंड मिटायचं. तवा आजचा दीस गाऊन घ्यावं, सोमवारचं सोमवारी. दाराशीच उभा ऱ्हातोय की मी."

"दार पुरत नाही हो." ती म्हणाली. "पोरं किती बारीक झालीत बघितलंत? हे दुखणं पेलायला त्यांच्या अंगात काही उरलंय का?"

तिला वाटलं, आपण याचा शेवटचा घासच हिसकावून घेतला.

"बरं हुतं का ह्ये?"

"अठरा महिने. इंजेक्शनं, गोळ्या. एक दिवस चुकवायचा नाही. भाऊ गेला तेव्हाचे दिवस वेगळे होते."

"आन् चुकवलं तर?"

"चुकवायचा नाही. आणि गाणं खिडकीबाहेरूनही ऐकू जातं."

तिसरं चर्च सगळ्यांत लहान. छत एका बाजूने खचलेलं, खिडक्यांना नुसती भोकं. पहिल्या ओळीत सोनाबाई, जालिंदरची आई. खडी फोडून बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"माजा जालिंदर कुटं हाय?"

शालन तिच्याजवळ वाकली. "खिडकीबाहेर, मावशी. आत कोंदट होतं त्यांना. तिथून गाणार आहेत."

म्हातारीने तिच्याकडे निरखून पाहिलं. थोरल्याच्या वेळचं काही आठवलं असेल का तिला? ती एवढंच म्हणाली, "गाऊ दे," आणि तोंड खिडकीकडे वळवून बसली.

जालिंदर वीस पावलांवर, पानं झडलेल्या चिंचेखाली उभा होता. मास्तरांना शालनने काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी काही न विचारता काडी खिडकीच्या दिशेने उचलली.

त्याचा एकट्याचा आवाज बाहेरच्या उन्हातून आत आला. माणसं हलली नाहीत. पोरांच्या हातातल्या काटक्या स्थिर झाल्या. सोनाबाईच्या गालांवरची धूळ ओली झाली. मग आला 'शांती'. तो वर गेला, लांबला, लांबला... आणि शालनला ऐकू आलं, आता तुटणार.

दुसऱ्याच्या ओळीत शिरायचं नसतं. ती शिरली. त्याचा सूर तुटला त्याच जागी तिने तो धरला, एकटीने, खिडकीकडे बघत. बाहेर तो झाडाला टेकून, तोंडावर रुमाल दाबून वाकला होता. तिने सोडलं नाही. छाती फुटेल असं वाटलं तेव्हा बाहेरून तो पुन्हा आला, बारीक, खरखरीत, आणि तिला श्वास घेता आला.

आतल्या कुणाला काही कळलं नाही. सगळ्यांना ते एकाच छातीतून निघालं असंच वाटलं.

ट्रक निघताना तो फळीशी बसला होता. ती चार हात सोडून बसली.

"सोमवारी आठ वाजता मी दवाखान्याच्या खिडकीत असते, अहवाल द्यायला," ती म्हणाली.

"आन् आलो तर?"

"तर अठरा महिन्यांनी तुमच्या तांब्यातलं पाणी पिईन."

"तवर तहान लागली म्हंजी?"

"...थांबेन."

सोमवारी आठ वाजले. नऊ वाजले. रांगेतली माणसं एकेक चिठ्ठी घेऊन गेली. शालनने मान वर करायची नाही असं ठरवलं होतं. दहाला खिडकीच्या कट्ट्यावर पितळ वाजलं.

तिने वहीतून चिठ्ठी काढली. सगळ्यांना मोठ्याने विचारायची तसंच विचारलं.

"रणखांबे, जालिंदर?"

"हाय की."