पंधरावी जर्सी

सोमवारी सकाळी व्हर्नाने लेकीला सफरचंदांच्या टोपलीत निजवलं आणि टोपली कमरेवर घेऊन ती कॉलेजच्या व्यायामशाळेखालच्या तळघरात उतरली. शनिवारचा सामना झाला की सोमवारी संघाच्या जर्स्या धुवायच्या, हे तिचं काम. आयोवातलं ते कॉलेज तसं लहानसंच. चेंडू छातीशी धरून धडका देत पळायचा, असला त्यांचा फुटबॉल. जर्सीत काळी माती अशी बसायची की घासून घासून तिची मनगटं भरून येत.

लढाईपूर्वी संघात चाळीस पोरं होती. आता उरली होती चौदा. कुणी वयाने लहान, कुणी एका कानाने बहिरा, म्हणून फौजेने मागे ठेवलेली. गेलेल्यांच्या जर्स्या तळघरातल्या खुंट्यांवर तशाच होत्या. तो नंबर दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, मालक परत येईपर्यंत जर्सीला हातही लावायचा नाही, असा संघाचा दंडक होता. चव्वेचाळीस नंबर तिच्या नवऱ्याचा, एल्रॉयचा. फेब्रुवारीत तो फौजेत गेला तेव्हा लेक पोटात होती.

हंगामाच्या त्या पहिल्या सोमवारी तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. पोरीला ताप होता, एल्रॉयचं पत्र नव्हतं. हात आपले सवयीने चालत होते. जर्स्या वाळत घालताना दोन चिमटे कमी पडले. एका जर्सीला दोन, असे मोजून अठ्ठावीस चिमटे तिने आणले होते. कुठे पडले असतील, असं म्हणून तिने पोरीच्या दुपट्यांचे दोन काढून लावले, आणि विसरून गेली.

दुसऱ्या सोमवारी खुंटीवरची एकतीस नंबरची जर्सी चिखलाने माखलेली होती. ती ऑरिन ट्वेटची. तो समुद्रापार होता.

"ऑस्करकाका, ही कुणी घातली?"

ऑस्कर नीबर संघाचं सामान सांभाळायचा. एक पाय ओढत तो जवळ आला. "किल्ली माझ्याच गळ्यात आहे, पोरी. कुणी घातली असेल तर भुतानेच."

"चेष्टा नका करू. ही माती बघा."

माती तांबडी होती. त्यांच्या गावात अशी माती कुठेच नव्हती. तिला खाऱ्या पाण्याचा वास येत होता.

"राहू दे तशीच," ऑस्कर म्हणाला. "कोण चावट आहे ते शोधतो मी."

गुरुवारी ट्वेटांच्या दारात फौजेची तार आली, ऑरिन पडल्याची.

तिसऱ्या सोमवारी आठ नंबर माखलेला होता. व्हर्नाने त्याला बोटही लावलं नाही. बुधवारी त्या घरीही तार आली. त्या मुलाची आई व्हर्नाच्या शेजारची. तार हातात धरून ती व्हर्नाला म्हणाली, "चूल पेटलेली आहे गं माझी, बघ जरा," आणि पायरीवरच बसली.

मग व्हर्नाला झोप येईना. पुढच्या शनिवारी पोरीला शालीत गुंडाळून ती मैदानाच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. दुपारचं फिकं ऊन होतं. खेळ मध्येच थांबला. पंच बोट नाचवत मोजत होते.

"बारा जण आहेत! दंड, पाच यार्ड मागे जा."

"अकराच आहेत," प्रशिक्षक ओरडले. "बारावा आणू कुठून मी? घरी बायको आहे, तिला उतरवू?"

लोक हसले. ऑस्कर हसला नाही.

"दर शनिवारी हेच," तो हळूच म्हणाला. "पंचांना बारा दिसतात. आपण मोजावेत, तर अकरा..."

व्हर्ना तळघराकडे पळत सुटली. ऑस्कर पाय ओढत मागून आला. चव्वेचाळीस नंबर खुंटीवर होता. स्वच्छ. तिच्या छातीतलं ओझं उतरलं. मग तिने शेजारच्या जर्स्या पाहिल्या. त्यांच्यावर सात महिन्यांची धूळ होती. हिच्यावर कणभरही नव्हती. कॉलरला साबणाचा वास होता, आणि घडीच्या खुणा तिच्या हातच्या.

"काका... ही कुणी धुतली?"

"तूच की. पहिल्या सोमवारी. ढिगात होती, लाल चिखलाने भरलेली. दंडक मोडतेस म्हणून टोकणार होतो, पण म्हटलं, नवऱ्याची आहे, धुऊ दे."

दोन चिमटे. चौदा पोरं, आणि तिने वाळत घातल्या होत्या पंधरा. कॉलर आधी चोळायची, मग नंबर, तसा दोन वर्षं धुतलेला तो नंबर तिच्या हातांनी डोळ्यांना न विचारता धुतला होता. ज्या धुतल्या नाहीत, त्यांच्या घरी तारा आल्या. हिची आली नव्हती.

ती बघत असतानाच कॉलरपाशी तांबडं ओलं उमटलं.

तिने तिथेच बादली ओढली. पाणी बर्फासारखं, पोरगी शालीत रडतेय, आणि ही घासतेय. "जा... जा ना..." बोटांची सालं निघाली तरी थांबली नाही. ऑस्करने दुसरी बादली भरून आणली आणि बाकीच्या खुंट्यांकडे बघत उभा राहिला.

हंगाम संपला. मैदानावर बर्फ पडलं. व्हर्नाने ती जर्सी घरी आणून पेटीत ठेवली. दर सोमवारी ती माखलेली निघे. बाकीच्या खुंट्यांवरच्या जर्स्या ऑस्कर धुवायचा, जमतील तेवढ्या. सगळ्या जमत नव्हत्या.

डिसेंबरात एल्रॉयचं पत्र आलं. "व्हर्ना, हसू नकोस, पण दर सोमवारी सकाळी माझा गळा ओला होतो. अंगाला आपल्या घरच्या साबणाचा वास येतो. पोरं चिडवतात, कोणती बाई तुला आंघोळ घालते रे? थंडी फार आहे. तरी नको थांबूस, असं का कोण जाणे वाटतं."

त्यानंतरच्या सोमवारी तिने पाणी तापवलं, साबण काढला, पेटी उघडली.

जर्सी कोरडी होती. स्वच्छ. तिने ती उलटी केली, बाह्या तपासल्या, शिवणी उसवून पाहिल्या. मातीचा कणही नाही. हे बरं की वाईट, ते तिला कळेना. ती जर्सी पोटाशी धरून खिडकीत बसली.

बाहेर दुपट्यांच्या दोरीवर तिने न लावलेले दोन चिमटे होते, जर्सीएवढ्या अंतरावर. मध्ये काहीच नव्हतं. पण ओल्या जर्सीच्या ओझ्याने पडावा तसा दोरीला झोळ पडला होता, आणि खाली बर्फावर थेंब थेंब पडत होतं, तांबडं.