चातुर्मासाचा हिशेब

या, असे जवळ सरकून बसा. आज पूर्वरंग नको, थेट कथेलाच हात घालू. गालांची कथा आहे, कान देऊन ऐका.

त्या काळी मिरजेत माणसं कात टाकत. कात म्हणजे घरच्या घरी घ्यायची लेझरची एक फेरी. किरण वरची जुनी कातडी जाळून काढी आणि खालच्या निजपेशी जाग्या होत. निजपेशी म्हणजे कातडीच्या तळाशी झोपलेलं बियाणंच म्हणा ना. त्या उठत, नवी कातडी विणत आणि पुन्हा निजत. एवढा खटाटोप कशासाठी? तर नोकरीच्या दारावरचं यंत्र जन्मतारीख विचारत नसे, गाल पाहून वय ठरवी. पंचेचाळिशीपुढचं दिसलं, की दार बंद.

ओवी सातपुते छप्पन्न वर्षांची. पाळणाघरात तान्ही मुलं सांभाळायची. डॉक्टर मगदूमांसमोर ती ताठ बसली होती. त्यांनी तिच्या गालाला बर्फ टेकवला.

"काय वाटतंय?"

"लावलात का?"

डॉक्टरांनी बर्फ खाली ठेवला.

"काल आमच्या शमिकाच्या कपाळाला गाल लावला," ओवी म्हणाली. "वर्षाचं लेकरू, नुकतं निजलेलं. थर्मामीटर लावून कशाला उठवायचं? आम्ही गालानेच ताप बघतो. गरम काही लागलं नाही. तासाभरात तिला झटके आले, डॉक्टर. अजून डोळे उघडले नाहीत तिने."

"कात किती दिवसांनी टाकता?"

"तुम्हीच सांगितलंत की. चातुर्मासाच्या चातुर्मासाला."

"म्हणजे वर्षातून एकदा, ओवीताई. तेव्हा ऊन कमी असतं, म्हणून."

"मी चार-चार महिने मोजले." ओवी म्हणाली. "सहा वर्षं. अधिकमास आला तेव्हा तेवढे पाच धरले."

डॉक्टर हसले नाहीत. निजपेशींना पुन्हा झोप लागायला वर्ष जातं, ते म्हणाले. मध्येच उठवत राहिलं, की त्या झोपायचंच विसरतात, विणतच सुटतात. कातडी कायम कोवळी राहते, पण स्पर्शाच्या तारांना तिच्यात मूळ धरायला उसंत मिळत नाही.

"आता थांबलात, तर तीनेक वर्षांत परत कळू लागेल. आणखी एक फेरी केलीत, तर कधीच नाही."

"थांबले तर दार उघडायचं नाही."

"नाही उघडायचं."

"राहू दे बंद," ती उठत म्हणाली आणि दोन पावलांवर थबकली. "आम्ही नऊजणी आहोत तिथे. बाकीच्या विचारायच्या, तू एवढी तुकतुकीत कशी गं? मीच सगळ्यांना चार महिन्यांचा नियम सांगितला."

डॉक्टरांनी फोन तिच्यापुढे सरकवला. पलीकडून पाळणाघरातल्या सहकारिणीने उचलला.

"मुलं कशी आहेत गं?" ओवीने विचारलं.

"निजलीत सगळी. कालच्या प्रकाराने धसकाच घेतलाय आम्ही. आत्ताच एकेकाच्या कपाळाला गाल लावून आले. गारेगार आहेत, काळजी करू नकोस."

तर मंडळी, घरी गेल्यावर निजलेल्या लेकराला जवळ घ्याल, तेव्हा घटकाभर त्या शमिकाची आठवण असू द्या.