पाहुण्याचा वाटा

शनिवारी दुपारी वैभवी चॉर्ल्टनला ट्रॅममधून उतरली तेव्हा तिच्या पाठीवर व्हायोलिन होतं आणि मनात एकच होतं, आज म्हाताऱ्या गेरॉटींना हातचं राखू द्यायचं नाही. मँचेस्टरच्या आयटी कंपनीतली नोकरी सांभाळून ती लोकसंगीताचा पार्टटाइम कोर्स करत होती. कोर्ससाठी एका पारंपरिक आयरिश धुनेचा इतिहास लिहायचा होता, आणि वैभवीबाईंनी नेमकी अशी धून निवडली होती, जिच्याबद्दल कोणी धड बोलायलाच तयार नव्हतं.

धुनेचं नाव ‘द व्हिजिटर्स शेअर’, म्हणजे पाहुण्याचा वाटा. आयर्लंडमधल्या गॉलवेकडून तरुणपणी इकडे आलेले मिस्टर गेरॉटी रविवारी दुपारी पबमध्ये आयरिश मंडळी जमवून फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवत, तिथे तिने ती ऐकली. बाकीच्या धुना ते तीनतीनदा वाजवत. ही मात्र दोनदाच. मग सगळे गज मांडीवर ठेवून एक आवर्तन होईल इतका वेळ गप्प बसत, फक्त पायाने ताल धरत. जुन्या रेकॉर्डिंगमध्येही तेच होतं. दोन आवर्तनं, मग टेपची खरखर आणि पावलांचे ठोके. एका टेपवर एकट्याच वादकाचं नाव होतं, पण ठोके दोघांचे वाटत होते.

वैभवीला भुताखेतांचं वावडं. तिला संशय वेगळाच होता. धुनेला तिसरा भाग असणार आणि बाहेरच्या बाईला तो द्यायचा नाही, म्हणून ही मंडळी आपल्याला वेड्यात काढतायत, असं तिला वाटायचं.

एक गोष्ट मात्र तिला त्यांची आवडायची. नवी धून वाजवली की ते आधी विचारत, ‘कोणाकडून मिळाली?’ तिच्या माहेरी, नागपूरलाही हेच होतं. तिचे वडील, अण्णा, जमिनीवर मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून वाजवत. त्यांनी स्वतः बांधलेली एक गत होती. ती त्यांनी कोणाला रेकॉर्ड करू दिली नाही. ‘हातातून हातात जाऊ दे,’ म्हणायचे. अण्णा गेले, आणि आता ती गत जगात फक्त वैभवीच्या हातात होती. लेकीला, अन्वीला, शिकवायची होती; तीही व्हायोलिन वाजवायची. पण अन्वीची परीक्षा, मग सुट्टी, मग पुन्हा परीक्षा... या उन्हाळ्यात नक्की, असं दर उन्हाळ्यात ठरायचं.

चॉर्ल्टनच्या घरी गेरॉटींनी चहा ओतला. बाहेर चार वाजायच्या आतच अंधारून येत होतं, पण त्यांनी दिवा लावला नाही. तिने सरळ तिसऱ्या भागाबद्दल विचारलं. ते म्हणाले, तिसरा भाग वगैरे काही नाही. तिसरं आवर्तन पाहुण्याचं, म्हणून ते सोडायचं, एवढंच. त्यांच्या गावात नोरा नावाच्या बाईने हट्टाने ते वाजवलं. त्यानंतर तिच्या आईची धून तिच्या बोटांतून गेली, ती कायमचीच. वर्षभराने तीच धून दुसऱ्या गावात ऐकू आली. तिथल्यांना कोणाकडून मिळाली म्हणून विचारलं, तर त्यांनी नोराच्या आईचं नाव घेतलं. ती तर केव्हाच वारली होती.

वैभवीला हसू आलं. छान गोष्ट रचली होती म्हाताऱ्याने.

“मी तर काल घरी तीनदा वाजवली,” ती म्हणाली. “आमच्यात तिहाई असते. तीनदा आल्याशिवाय संपल्यासारखं वाटत नाही.”

गेरॉटींनी कप खाली ठेवला.

“तुझ्याकडे असं काय आहे,” त्यांनी हळूच विचारलं, “जे दुसऱ्या कोणाकडे नाही?”

तिने तोऱ्यात व्हायोलिन काढलं. अण्णांची गत म्हणजे तिला श्वासासारखी. गज तारेवर ठेवला... आणि तो तिथेच राहिला. पहिला सूरच आठवेना. राग आठवत होता, अण्णांचं मान डोलावणं आठवत होतं, पण गत नव्हती. तिने पुन्हा पुन्हा गज उचलला. बोटांतून येत होती ती फक्त पाहुण्याची धून. तिने घाईघाईने व्हायोलिन पेटीत टाकलं आणि निरोपसुद्धा न घेता ती निघाली.

घरी येऊन ती अन्वीजवळ रडली. अन्वी इथेच जन्मलेली. तिच्या मराठीत भांडं ‘ती’ असायचं आणि खुर्ची ‘तो’. तसली मराठी साऱ्या जगात दुसरं कोणी बोलत नसेल. वैभवी तिला सुधारायची आणि मनातून त्या चुकांवर जीव टाकायची.

“आई, रडू नको ना,” अन्वी म्हणाली. “ती गाणं येईल परत. तुझा डोकं टायर्ड आहे, बस.”

आठवडाभर गत आली नाही. पुढच्या शनिवारी वैभवी पुन्हा चॉर्ल्टनला गेली. गेरॉटींच्या दाराशीच तिचे पाय थबकले. आत कोणीतरी गुणगुणत होतं. अण्णांचीच गत होती ती, हरकतीसकट.

दार उघडताच ती त्यांच्यावर धावूनच गेली. चोरलीत तुम्ही. कुठे ऐकलीत, कधी रेकॉर्ड केलीत? शेवटी तिच्या तोंडून त्यांच्याच रीतीचा प्रश्न निघाला.

“कोणाकडून मिळाली?”

“ॲना,” ते म्हणाले. “असंच सांगितलं नाव. मला वाटायचं, ॲना म्हणजे बाई. हा तर पुरुष होता... गुरुवारी आला. खुर्ची दिली तर घेईना. इथे गालिच्यावर बसला, आणि फिडल पायावर टेकवलं. असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.”

पबमध्ये वैभवी कायम खुर्चीवरच बसत आली होती; अण्णांची ही बैठक त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

“किती वेळा वाजवली?” तिने विचारलं.

“दोनदा. मग गज ठेवला... आणि गप्प बसला.”

व्हायोलिनच्या पेटीवर गेलेला हात तिने मागे घेतला. अण्णांची गत आपण तिसऱ्यांदा वाजवली तर ती कदाचित परत मिळेल. पण मग पाहुणा दुसरं काय नेईल? नको. अण्णांची गत गेली तर जाऊ दे. ती गालिच्यासमोर गप्प बसली, गेरॉटीही बसले, आणि एक आवर्तन होईल इतका वेळ कोणी हललं नाही. पायाने तालही धरला नाही. ठोके तरीही ऐकू येत होते.

ठोके थांबले तेव्हा तिचा फोन वाजला. अन्वीचा व्हॉइस मेसेज होता.

“आई, तुझ्या खोलीतून ती गत ऐकू येत होती. मला वाटलं, तू घरीच आहेस. म्हणून मीही माझं व्हायोलिन काढलं आणि बरोबरीने वाजवू लागले. तिसऱ्या वेळी मात्र मी एकटीच वाजवत होते.”

आवाज अन्वीचाच होता. वैभवीने मेसेज पुन्हा लावला, मग आणखी एकदा, फोन कानाशी घट्ट धरून. ती त्या मराठीत एक तरी चूक शोधत होती.