फिकी अक्षरं

कडजाई देवस्थान न्यासाची साप्ताहिक ऑनलाइन सभा गुरुवारी अकराला सुरू झाली, तेव्हा सातही विश्वस्तांनी आपापल्या फोनचा आवाज बंद ठेवला होता. उपाध्यक्ष सलूनमध्ये दाढी करून घेत होते, त्यामुळे त्यांच्या चौकटीत छताचा पंखाच हजर होता. एक विश्वस्त मटार सोलत होते. सालांचा ढीग पाहता सभेपेक्षा तेच काम पुढे गेलेलं दिसत होतं.

ऐकायची कुणाला गरजच नव्हती. पडद्याच्या तळाशी बोलपट्टी चालायची. पूर्वी तिच्यात बोललेलं तेवढंच उमटे. चार वर्षांपूर्वी तिची नवी आवृत्ती आली. कोण कोणत्या विषयावर काय बोलतो हे जुन्या सभांवरून तिनं शिकून घेतलं होतं. माणसानं दोन-तीन शब्द उच्चारले की उरलेलं वाक्य ती स्वतःच मांडायची. बोलणारा ते वाचायचा, आपल्यालाही हेच म्हणायचं होतं असं त्याला वाटायचं आणि तो गप्प बसायचा. पाच सेकंदांत त्यानं वेगळं काही उच्चारलं नाही, की वाक्य इतिवृत्तात पक्कं. दोन तासांची सभा पंचवीस मिनिटांत उरकू लागली. आपण तीन शब्दांत ओळखू येतो हे कळल्यावर माणसाला थोडं लागतं खरं, पण सभेतून लवकर सुटका झाली की ते दुखणं राहत नाही.

या पट्टीवर सगळ्यांत खूश होता हणमंत चौगुले. डोंगरावरच्या देवळापर्यंत जाणाऱ्या रोपवेचा तो फोरमन. हणमंत बोलताना अडखळायचा. शब्द तयार असायचा, पण जिभेवर येऊन अडायचा, कधी दहा सेकंद, कधी वीस. कंडक्टरपासून सासऱ्यापर्यंत सगळ्यांनी जन्मभर त्याची वाक्यं पुरी केली होती, तीही उपकार केल्यासारखं तोंड करून. पट्टी निदान तोंड तरी करत नव्हती. विषय क्रमांक चार आला की हणमंत "दो..." म्हणायचा आणि पट्टी लिहायची, 'दोर सुस्थितीत आहे. सेवा सुरू ठेवण्यास हरकत नाही.' चार वर्षं, दोनशेच्या वर गुरुवार. दर वेळी ते खरंच होतं. दर वेळी तो निमूट खाली बसला होता.

आज त्याच्या खिशात एक फाटलेली चिंधी होती.

पाळण्यांचा दोर म्हणजे पोलादाच्या बारीक तारांचा पीळ. तपासणीचं यंत्र वर्षातून एकदा येई, यंदा ते जत्रेनंतर येणार होतं. पण हणमंतची पद्धत जुनी होती. दोर अगदी सावकाश फिरवायचा आणि त्याच्याभोवती सुती चिंधी धरायची. तार तुटलेली असली की तिचं टोक चिंधीला ओढतं. मंगळवारी चिंधी एका जागी टराटरा फाटली. त्यानं भिंग लावून मोजलं. हातभर लांबीत चौदा तारा. बुधवारी पुन्हा मोजलं, सतरा. शनिवारपासून जत्रा, म्हणजे दिवसाला सहा हजार माणसं.

बुधवारीच त्यानं सचिव उपळेकरांना फोटो पाठवले होते. उपळेकरांच्या फोननं आपणहून उत्तर दिलं, 'आपल्या नोंदीबद्दल आभार. विषय चारखाली चर्चा होईल.'

"बंद करून टाक की," कंट्रोल रूममध्ये शेजारी बसलेली रेश्मा नदाफ म्हणाली. पाळण्यांची बटणं तिच्याकडे होती. "किल्ली तुझ्याच खिशात हाय."

"मला घरी ब... बसवतील. दुसरा आणतील," हणमंत म्हणाला. रेश्मापुढे तो कमी अडखळायचा. "आणि दोर ठीक असल्याचा कागद त्याच्या हातात कुणाचा देतील? माझाच."

विषय एक झाला. माजी विश्वस्त कोरे गुरुजींना श्रद्धांजली. पट्टीवर अध्यक्षांच्या नावे चार भरघोस वाक्यं आली. गुरुजींच्या जागी न्यासावर आलेल्या त्यांच्या पत्नी, निवृत्त मुख्याध्यापिका कोरेबाई, वाचता वाचता डोळ्यांना पदर लावत होत्या. विषय दोन आणि तीन चार मिनिटांत संपले.

"विषय चार," पट्टीवर अध्यक्ष अण्णासाहेब खराड्यांचे शब्द आले. "चौगुले."

"दो..." हणमंतचा शब्द अडला.

'दोर सुस्थितीत आहे. सेवा सुरू ठेवण्यास हरकत नाही.'

पाच, चार, तीन. हणमंतच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. दोन, एक. वाक्य पक्कं झालं. मटारवाल्यांनी अंगठा दाखवला.

"थां... थां..."

'थांबतो. धन्यवाद.'

रेश्मानं कपाळावर हात मारला. "आभार पण मानून मोकळी झाली बया! सरक जरा. पाच मिनिटं तुझीच हायत, रीडिंगचा तक्ता दाखवायला. स्क्रीन शेअर कर."

"त... तक्ता कोण बघतंय?"

"तक्ता न्हाई, पट्टीच दाखव."

पट्टीच्या सेटिंगमध्ये पार तळाशी एक खूण होती, 'अंदाजाने लिहिलेले शब्द फिके दाखवा.' कायद्यानं द्यावी लागते म्हणून दिलेली, आणि कुणाला सापडू नये अशा जागी ठेवलेली. रेश्मानं ती लावली. हणमंतनं आपली स्क्रीन सभेपुढे उघडली.

सात फोनांवर सकाळपासूनचं इतिवृत्त दिसलं आणि ते जवळजवळ कोरं होतं. फिक्या राखाडी अक्षरांच्या ओळीच्या ओळी, मधे कुठे एखादा काळा शब्द, शेताडीत बुजगावणं उभं असावं तसा. कडेला आकडे होते. अध्यक्ष : पट्टीवर ४१२ शब्द, उच्चारलेले २९. उपाध्यक्ष : ९६ शब्द, उच्चारलेला १. तो 'हं' होता.

सलूनमधला पंखा हलला आणि साबण लावलेला अर्धा चेहरा आत आला. "हे काय लावलंय?"

कोरेबाई वर सरकवत पहिल्या विषयाशी पोचल्या होत्या. श्रद्धांजली : ५८ शब्द, उच्चारलेले ३. काळे शब्द 'कोरे', 'गुरुजी' आणि शेवटी, इतिवृत्तातून नीट गाळलेला पण या खुणेनं उघडा पडलेला, 'वगैरे'.

बाईंनी फोनचा आवाज चालू केला. मग माइक.

"अण्णासाहेब, तुम्ही वगैरे म्हणालात?"

"अहो बाई, भावना त्याच होत्या..."

"भावना मशीनच्या होत्या. वगैरे तेवढं तुमचं." त्यांचा आवाज वर्गात खडू आपटावा तसा होता. "सगळ्यांनी आवाज चालू करा. हणमंता, बोल. तुला काय सांगायचंय?"

"अहो, तो बोलणार कधी?" खराडे म्हणाले. "सव्वाबाराला माझी दुसरी सभा आहे. नोंद झालेलीच आहे की!"

"ती म... मी," हणमंत उभा राहिला, "मी म्हटलेली न्हाई."

पाच शब्द, पाचही काळे. रेश्मानं टेबलाखाली मूठ आवळली.

मग तो बोलू लागला, आणि सात माणसांना पहिल्यांदाच एक वाक्य जन्माला येताना बघावं लागलं. 'दोराच्या' काळं उमटलं. पट्टीनं लगेच पुढे फिकं जोडलं, 'स्थितीबाबत समाधान आहे.' पाच सेकंदांची मोजणी सुरू झाली. हणमंतचा जबडा थरथरत होता. एक सेकंद उरला असताना 'तारा' बाहेर पडला आणि फिकी शेपूट गळून पडली. नवी आली, 'तारा तपासल्या. दोष नाही.' तो पुन्हा अडला. उपळेकर सवयीनं म्हणाले, "तपासल्या, असंच ना?"

"मधे बोलू नका," बाई म्हणाल्या. मग जरा खालच्या आवाजात, "मीसुद्धा शाळेत तुझी वाक्यं पुरी करायचे रे हणमंता. मला वाटायचं, मदत करतेय."

"तुट... तुटल्यात." फिकं पुसलं गेलं. "सतरा." पट्टीनं 'वर्षांत प्रथमच' असं काही जुळवलं. हणमंतनं तेही पाडलं. आता त्याला राग आला होता, आणि रागात तो अडखळत होताच, पण लाजत नव्हता. प्रत्येक शब्दासाठी तो पट्टीला तिष्ठत ठेवत होता. मटार थांबले होते. त्यानं चिंधी कॅमेऱ्यापुढे धरली, फाटलेल्या भोकातून त्याचा एक डोळा दिसत होता. सहा मिनिटांनी वाक्य पुरं झालं, अथपासून इतिपर्यंत काळं :

'दोराच्या तारा तुटल्यात, सतरा, काल तीन वाढल्या, मी पाळणे चालवणार नाही आणि कुणाला चालवूही देणार नाही.'

खिडकीबाहेर गुरुवारच्या सुट्टीचे रिकामे पाळणे उभे होते. हणमंतनं खिशातली किल्ली काढून चिंधीत बांधली, गाठ मारली आणि चिंधी मुठीत धरली.

आता बोलायची पाळी अध्यक्षांची होती. अण्णासाहेब घसा साफ करून म्हणाले, "त्याचं असं आहे..."

सगळ्यांच्या पडद्यावर, हणमंतनं उघडलेल्या त्या स्क्रीनवर, त्यांच्या तीन काळ्या शब्दांपुढे फिकी ओळ सरसर उमटली : 'विषय गंभीर आहे. जत्रा पार पडल्यावर तज्ज्ञांची समिती नेमू. तोवर सेवा सुरू ठेवावी.'

पाच.

अण्णासाहेबांनी ती वाचली. बाकी सहा जणांनीही वाचली, आणि मग सहा जण त्यांच्याकडे बघू लागले.

चार.

"मी असं म्हणणारच नव्हतो!" अण्णासाहेब ओरडले. त्यांचे कान लाल झाले होते. ओळ पुसली गेली.

पट्टीनं नवा अंदाज मांडायला जागा उघडली आणि ती तशीच राहिली. एक टिंबही उमटेना. अण्णासाहेबांचं तोंड उघडं होतं आणि शब्द कुठेतरी आत अडला होता. पाच सेकंद गेले, दहा गेले. उपळेकर काही सुचवायला पुढे झुकले, पण हणमंतनं हात वर करून त्यांना थांबवलं. अशा वेळी काय करायचं असतं, ते त्या सभेत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो वाट बघत उभा राहिला.

शेवटी कोरेबाईंनीच विचारलं, अगदी शांतपणे :

"मग काय म्हणणार होतात, अण्णासाहेब?"